चोक अर्धा बाहेर

८ डिसेंबर, रविवार

शाळेच्या ऑफिसात जन्मभर दुसऱ्यांच्या नोंदी ठेवल्या, पण स्वतःबद्दल एक ओळ लिहावी असं कधी वाटलं नाही. आज वाटलं, कारण आज मी ट्रक सुरू केला. सुरू झाला आणि लगेच बंद पडला, पण झाला तर खरा.

ट्रक म्हणजे आमच्या सासऱ्यांनी मिलिटरीच्या लिलावात घेतलेली नाकवाली, म्हणजे पुढं लांब बॉनेट असलेली गाडी, पेट्रोलवर चालणारी. यांनी तिच्यावर मंडपाचं सामान वाहिलं. लोक डिझेलच्या गाड्या घेऊन पुढं गेले, पण यांनी हिला सोडलं नाही. हे जाऊन दोन वर्षं झाली आणि तेव्हापासून ती घराला चिकटून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. अजिंक्य म्हणतो, आई, ती भंगारात घाल, घर विक आणि पुण्याला ये. मुलगा चांगला आहे, सूनही चांगली आहे. पण सातव्या मजल्यावर बसून मी काय करू? खाली बघत बसू?

मागच्या आठवड्यात अनिमेष नावाचा फोटोग्राफर आला. हल्ली लग्न ठरलेली पोरं-पोरी लग्नाआधीच फोटो काढून घेतात. त्याला आमच्या गाडीच्या नाकावर जोडपी बसवायची आहेत. अट एवढीच की गाडी कुंभारीच्या माळापर्यंत स्वतःच्या चाकांवर यायला हवी, ओढून आणलेली चालणार नाही. संक्रांतीनंतर त्याचा मोसम सुरू होतो. म्हटलं, येईल.

नवी बॅटरी बसवली, चोक ओढला, सेल्फ मारला, तिसऱ्या झटक्याला धडधडली. चोकबद्दल हे सांगायचे ते मला अजून पाठ आहे. थंड इंजिनाला हवा कमी आणि पेट्रोल जास्त लागतं. चोक ओढला की हवेचं झाकण मिटतं. इंजिन तापलं की चोक आत ढकलायचा. बाळाला पहिले चार घास भरवायचे, पुढं त्याचं त्याला खाऊ द्यायचं. माझी अडचण अशी की मी चोक आत ढकलला की गाडी मान टाकते.

११ डिसेंबर, बुधवार

सिद्धप्पा येऊन गेला. हा यांचा जुना मिस्त्री, अक्कलकोटकडचा, बोलता बोलता कन्नडमध्ये शिरणारा. त्यानं कार्बुरेटर खोलला आणि एक चिमुकला पितळी जेट उजेडाला धरून दाखवला. म्हणाला, "बगा आक्का, गाडी स्लोवर उबी ऱ्हायला पेट्रोल हितनं येतंय. हे जाम हाय." भोकात रुई अडकली होती.

रुईचं नवल नाही. आमच्या शेजारी टॉवेलचे माग आहेत. दिवसभर खटखट आणि दिवसभर रुई. तुळशीवर रुई, वाळत घातलेल्या पापडांवर रुई. त्यात गाडीचं एअर फिल्टर गंजून कधीच गळून पडलंय, कार्बुरेटरचं तोंड उघडंच. सिद्धप्पानं जेट फुंकून साफ केला आणि चोक आत ढकलल्यावर गाडी स्लोवर, म्हणजे जागच्या जागी चालू, उभी राहिली. मला रडूच आलं. तो बिचारा तोंड फिरवून नट आवळत बसला.

जाताना बजावून गेला की रुईपासून जपा, नाहीतर परत तेच. आता महिनाभर तो येणार नाही, गावी डोळ्याचं ऑपरेशन आहे.

१२ डिसेंबर, गुरुवार

परत तेच. सकाळी चोक आत ढकलला की बंद. जेट मला उघडता येईना, नट हलेना. मग मी डोकं चालवलं. रुई येते कुठून? दारातून. शेजाऱ्यांकडून टॉवेलच्या चिंध्यांचं गाठोडं आणलं, शेडचं दार लावून घेतलं, खालची फट, वरची फट, मधली फट सगळी चिंध्यांनी ठासली. चोक अर्धा बाहेर ठेवला की गाडी छान चालते, कितीही वेळ. माझा हिशोब असा की रोज सकाळ-संध्याकाळ अशी बराच वेळ चालवली तर अडकलेली रुई पेट्रोलबरोबर आपोआप ओढली जाईल.

संध्याकाळी वन्संशी वाजलं. केराबाई म्हणजे यांच्या थोरल्या बहीण, करमाळ्याकडून विधवा होऊन आल्या तेव्हापासून आमच्याकडेच असतात. त्यांची खोली शेडच्या भिंतीला लागून, मध्ये फक्त एक जाळीची खिडकी. आज मार्गशीर्षातला गुरुवार, त्यांचा घट मांडलेला. दिवेलागण झाली तशी त्यांनी घराचं दार उघडलं, मागचं उघडलं आणि जाऊन शेडचंही सताड उघडलं. वाऱ्याबरोबर रुईचा लोटच्या लोट आत. मी ओरडले. त्या म्हणाल्या, "दिवेलागणीला दार लावून बसल्यावर लक्ष्मी कुटनं येईल गं?" मी म्हटलं, लक्ष्मीला पुढच्या दारानं यायला सांगा, शेडमध्ये तिचं काय काम आहे. त्यांना ते लागलं. मलाही नंतर वाईट वाटलं, पण दार मात्र पुन्हा ठासलं.

१४ डिसेंबर, शनिवार

डोकं दुखतंय. कपाळावर पट्टा आवळल्यासारखं.

तरी शेडमध्ये बसायला बरं वाटतं. चोक अर्धा ओढून केबिनमध्ये यांच्या जागेवर बसते. सुरुवातीचा धूर निवला की मग काही दिसत नाही, म्हणजे हवा चांगलीच असणार. तो पेट्रोलचा वास लोकांना नकोसा वाटतो. मला तो यांचा वाटतो. कामावरून आले की यांच्या सदऱ्याला हाच वास असायचा. गाडी धडधडत असली की घरात कुणीतरी आहे असं वाटतं. परवा तिथंच डोळा लागला. वन्संनी जाळीतून हाका मारून उठवलं तेव्हा मला क्षणभर कळेना मी कुठे आहे.

१६ डिसेंबर, सोमवार

वन्संना दोनदा उलटी झाली. शेंगदाण्याच्या पोळ्या तेलकट झाल्या होत्या, त्याचंच असणार. चेहरा मात्र त्यांचा लालबुंद, टवटवीत दिसतोय.

माझं आज एक विचित्र झालं. आमटी वाढायला घेतली आणि हातातल्या वस्तूचं नाव आठवेना. पळी. पळी हा शब्द आठवायला मला सगळं जेवण होईपर्यंत वेळ लागला. हसून सोडून द्यायची गोष्ट आहे हे मला कळतं. मी हसले नाही.

इथं लिहिते, कारण कुणाला बोलता येत नाही. माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. आधी शब्द गेले, मग चुलीवर ठेवलेलं दूध विसरू लागली, मग घराची दारं. शेवटी ती मला 'बाई, तुम्ही कुणाकडं आलात' म्हणायची. भावानं तिचा पाय साडीनं खाटेला बांधून ठेवला होता, कारण ती रस्त्यावर जायची. मी ते बघितलंय. तेव्हा ती माझ्याच वयाची होती.

१८ डिसेंबर, बुधवार

प्लग काढून बघितले. काळेकुट्ट, बोटाला काजळी लागली. हे म्हणायचे, प्लग काळा म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. हिला हवा पुरत नाही एवढं मला समजतं. हवेचा स्क्रू थोडा बाहेर फिरवला, मग थोडा आत. काही फरक नाही. चोकाशिवाय ती उभीच राहत नाही.

दुपारी मी शेडमध्ये उभी होते, हातात किल्ली होती, आणि गाडी सुरू करायला आले होते की बंद करायला, ते आठवेना. इंजिन चालू होतं. कानात तोच आवाज होता तरी मला समजेना की चालू आहे. मी केबिनच्या पायरीवर बसले आणि एकेक नाव घेतलं. माझं, यांचं, अजिंक्यचं, नातीचं. उर्वीचं नाव यायला फार वेळ लागला.

संध्याकाळी वन्संनी पुन्हा शेडचं दार उघडलं. मी त्यांना नको ते बोलले, माझ्या घरात माझं ऐकायचं नसेल तर करमाळ्याला जा म्हणाले. त्यांनी चिंध्या गोळा करून माझ्या हातात दिल्या आणि म्हणाल्या की बाई, तुझं तू बग, मी न्हाय उगडत. असं मी कधी त्यांच्याशी बोलत नव्हते. आईसुद्धा शेवटी शेवटी चिडकी झाली होती.

२१ डिसेंबर, शनिवार, कुर्डुवाडी

माझी भाची चेतना इथं रेल्वेत आहे, तिच्या मुलीचं बारसं. परवा आले. वन्संनाही आणायचं होतं, पण घट मांडलेला सोडून त्या येईनात.

काय सांगू, दोन दिवसांत डोकं असं हलकं झालं की जणू कुणी ओझं उतरवलं. पाळणा म्हणायला बायका अडल्या तेव्हा सगळी कडवी मी म्हटली, एक शब्द चुकला नाही. चेतनाच्या सासऱ्यांना तिच्या लग्नातल्या गमती सांगितल्या, त्यांच्याही लक्षात नव्हत्या. मी ठरवलं, हे सगळं एकटेपणाचं आहे. माणसांत आले की मी ठणठणीत. मग अजिंक्यचं बरोबरच आहे का? हा विचार आला आणि अजून जात नाही.

२३ डिसेंबर, सोमवार

काल आले. आल्या आल्या ट्रक बघितला. सकाळी चोक अर्धा, दार बंद. हवेचा स्क्रू एक फेरा बाहेर घेतला. डोकं परत धरलं.

वन्संनी मी नसताना ट्रकला हात लावला नव्हता. त्या मला छान दिसल्या, दोन दिवसांत अंगणात सडा-रांगोळी, पापड सगळं केलेलं.

२३ डिसेंबर, सोमवार

काल आले. ट्रक बघितला. हवेचा स्क्रू एक फेरा बाहेर घेतला. डोकं

हे मी सकाळी लिहिलंय. वरच लिहिलंय. आत्ता संध्याकाळी नव्यानं लिहायला बसले आणि वर नजर जाईपर्यंत मला माहीत नव्हतं.

मला फार भीती वाटतेय.

२६ डिसेंबर, गुरुवार

अजिंक्यचा फोन. त्यानं उर्वीची परीक्षा कधी आहे ते सांगितलं, मी परत विचारलं, त्यानं परत सांगितलं. मी तिसऱ्यांदा विचारलं असणार, कारण तो गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "आई, आजीसारखं काही होत नाहीये ना तुला?"

माझ्या मुलानं ते बोलून दाखवलं. मी रडले. त्यानं पुण्यात डॉक्टरांची वेळ घेतली आहे. म्हणाला, आधी दाखवू, मग बघू. त्या 'मग बघू'त घर विकायचं आहे, मला माहीत आहे. पण आज मी भांडले नाही. ज्या बाईला सकाळचं संध्याकाळी आठवत नाही तिनं घरासाठी भांडावं कशाच्या जोरावर?

मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. वन्संनी माझ्या नावानं नारळ ठेवला.

२८ डिसेंबर, शनिवार

उद्या निघायचं. ट्रकचं काय करायचं हा प्रश्न होता. पाच तारखेला अनिमेष बघायला येणार. आठवडाभर बंद राहिली तर बॅटरी उतरेल, जेट पुरता बुजेल आणि मग सगळंच संपलं. हा ट्रक चालला तर निदान एक गोष्ट मी शेवटपर्यंत नेली असं होईल.

शेवटी वन्संना शिकवलं. किल्ली फिरवायची, चोकची घुंडी अर्धी बाहेर, सकाळी थोडा वेळ, संध्याकाळी थोडा वेळ. दार बंद, चिंध्या घट्ट, रुईचा कण आत यायला नको. त्यांच्याकडून तीन वेळा म्हणून घेतलं. त्यांना घाम फुटला, पण गाडी सुरू झाली तशी पदर तोंडाला लावून हसल्या. यांची आठवण काढून म्हणाल्या, धोंडीराम असता तर लई हसला असता.

त्यांना माझ्या हातावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली की दार उघडणार नाही. त्या हो म्हणाल्या.

३० डिसेंबर, सोमवार, पुणे

डॉक्टर म्हणजे अजिंक्यच्या वयाची मुलगी. घड्याळ काढायला लावलं, काढलं. पाच शब्द दिले, गप्पा मारून परत विचारले, पाचही सांगितले. शंभरातून सात वजा करत जा म्हणाली, मी खाली उतरत गेले ती तिनंच थांबवलं. मग तिनं माझ्याकडे असं बघितलं की हिला इथं कशाला आणलंय.

तिला माझ्यात काही सापडलं नाही. रक्त तपासायला घेतलं. तुमच्या घरी कुणी आजारी आहे का, झोप लागते का, सगळं विचारलं. ट्रकचं तिनं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. या वयात मी गाडी दुरुस्त करते हे सांगायला लाज वाटली.

अजिंक्यनं मला रस्त्यातच मिठी मारली. आनंद व्हायला हवा. पण मी वेडी नाही. मला ते सगळं झालं होतं, ते लिहिलेलं आहे. तिथं होतं आणि इथं होत नाही, हे कसं?

३१ डिसेंबर, मंगळवार, अजिंक्यच्या गाडीत

अक्षर हलतंय. लिहिलं नाही तर मी किंचाळेन.

आम्ही घरी यायला निघालो आणि मघाशी वाटेतूनच वन्संना फोन केला. रिपोर्ट चांगला आला हे सांगायला. त्यांनी फार वेळानं उचलला आणि आवाज असा, जसा तोंडात कापूस आहे. मी विचारलं, बरं आहे ना? त्या म्हणाल्या, "वैजू, मलाबी तुझ्यावानीच व्हायलंय. काल दिवा लावला का न्हाय, आठवंना. डोस्कं लई दुकतंय."

मी म्हटलं, वय झालं वन्सं, होतं असं. खरंच असं म्हटलं मी. आणि मग मनात आलं, तुझ्यावानी कसं? मला झालं ते माझ्या आईचं. वन्सं माझ्या आईच्या कुणी नाहीत. यांच्या बहीण त्या, करमाळ्याच्या. माझ्या आईचं काही त्यांच्यात यायला रक्ताचा थेंब नाही आमच्यात. आम्हा दोघींचं एकच काय आहे? घर. घरातली हवा.

काळे प्लग माझ्या डोळ्यांसमोर आले. हवा कमी. मीच लिहिलंय ते या वहीत, हिला हवा पुरत नाही. दार मी ठासलं, फटी मी ठासल्या. कुर्डुवाडीत मी चांगली, पुण्यात मी चांगली. उर्वीच्या सायन्सच्या पुस्तकातसुद्धा असतं ते, बंद खोलीतली शेगडी आणि तिचा न दिसणारा विषारी वायू. शेगडी म्हटलं की कळतं, ट्रक म्हटल्यावर मला कळलं नाही.

मी विचारलं, "वन्सं, गाडी बंद आहे ना?"

त्या म्हणाल्या, "सकाळी लावली. बंद केली का न्हाय... काय की."

मी म्हटलं, आवाज येतोय का बघा. त्या म्हणाल्या, "डोस्क्यातच घुमतंय गं सगळं. शेजारचे मागबी चालूच हायती."

मी सांगितलं, उठा, शेडचं दार उघडा, बाहेर जाऊन बसा. तीनदा सांगितलं. त्या म्हणाल्या, "तूच तर नगं म्हणलीस. शपत घ्यायला लावलीस की." मग फोन कुठंतरी ठेवल्याचा आवाज आला आणि त्यानंतर काही नाही. परत लावला, वाजत राहिला.

मागवाल्यांचा नंबर माझ्याकडे नाही. इतकी वर्षं भिंतीला भिंत, चिंध्या मागून आणल्या, नंबर नाही घेतला. अनिमेषला लावला. तो कुंभारीच्या पुढं कुणाचे तरी फोटो काढत होता, सगळं टाकून निघतो म्हणाला. त्यानंतर त्याचाही लागत नाही. अजिंक्य नुसता गाडी हाणतोय. टेंभुर्णी गेलं. बाहेर ऊन उतरायला लागलंय.

देवा, माझं डोकं खरंच गेलेलं असू दे. आईसारखंच असू दे. पण वन्संना काही होऊ देऊ नको.

१ जानेवारी, बुधवार

जिवंत आहेत.

अनिमेष पोहोचला तेव्हा ट्रक शेडमध्ये धडधडत होता आणि शेडचं दार सताड उघडं होतं. चिंध्या अंगणात विखुरलेल्या. वन्सं दाराच्या बाहेर, तुळशीपाशी आडव्या, हातात काडेपेटी. त्यानं त्यांना गाडीत घालून दवाखान्यात नेलं. तिथं रात्रभर नाकाला ऑक्सिजन. डॉक्टर म्हणाले, दार उघडलं नसतं तर बोलायलाच नको.

माझ्या सांगण्यावरून त्यांनी दार उघडलं नव्हतं. सकाळी शुद्ध आल्यावर मी त्यांना विचारलं. त्या पुटपुटल्या, "दिवं लावायची येळ झाली म्हणून उगडलं. रोजच उगडत हुते, तू गाडी बंद करून न्हायला गेलीस की. परत लावत हुते. तुला सांगितलं न्हाय, तू रागावतीस म्हणून."

रोज संध्याकाळी, मी शपथा घ्यायला लावत होते तेव्हाही, त्या गुपचूप दार उघडून घरातली हवा बदलत होत्या. त्यांना वाटायचं लक्ष्मी येते. म्हणून आम्ही दोघी उरलो. मी त्यांचे पाय धरले. नर्स बघत होती, बघू दे.

३ जानेवारी, शुक्रवार

सिद्धप्पाशी फोनवर बोलले. त्याच्या डोळ्याला अजून पट्टी आहे. म्हणाला, मी रुईपासून जपा म्हणालो आक्का, दार लावून गाडी चालवा कुठं म्हणालो? खरंच, तसं तो म्हणाला नव्हता. मी त्याला दोष दिला नाही. आमच्या गल्लीत जे ते रुई अडवायला दार लावतं. लहानपणापासून तेच करतो आम्ही, दार लावलं की घर स्वच्छ.

त्यानं नट कसा सोडवायचा ते सांगितलं, आधी रॉकेलात भिजवा मग हातोडीनं हलकेच ठोका. अजिंक्यनं मागवाल्यांना बोलावून ट्रक ढकलून अंगणात आणला. नट सुटला. जेट मी उघड्यावर फुंकला, भोकातून आभाळ दिसेपर्यंत. कार्बुरेटरच्या तोंडावर मलमलचं एक कापड बांधलं, विरळ, हवा जाईल असं. सेल्फ मारला, चोक पूर्ण आत ढकलला आणि ती उभी राहिली. एकसारखी, न अडखळता, जशी यांच्या वेळी राहायची तशी. कितीतरी वेळ मी तिचा आवाज ऐकत उभी होते. एवढंच करायचं होतं.

माझं डोकं स्वच्छ आहे. सगळं आठवतं, नको तेही.

५ जानेवारी, रविवार

वन्संना घरी आणलं. चालतात, खातात. अनिमेषनं ट्रक बघितला, नाकावरून हात फिरवला, पुढच्या आठवड्यात कुंभारीला न्यायचं ठरलं. अजिंक्य जाताना घर विकण्याबद्दल चकार शब्द बोलला नाही. म्हणाला, आई, तुला काही झालेलं नाही, तू इथंच राहा. एवढे महिने मी हेच ऐकायला थांबले होते.

दवाखान्यातून निघताना डॉक्टरांनी मात्र दारापर्यंत येऊन मला एकटीला सांगितलं की काही माणसं बरी होऊन घरी जातात आणि काही दिवसांनी त्यांना मागचं-पुढचं कळेनासं होतं. होईलच असं नाही. झालं तर पुष्कळदा परतही येतं. लक्ष ठेवा.

९ जानेवारी, गुरुवार

दिवसभर वन्सं ठीक होत्या. दुपारी मला करमाळ्याच्या कमलाभवानीच्या जत्रेची गोष्ट सांगितली, मी शंभरदा ऐकलेली, सगळी बरोबर सांगितली. मी मनातल्या मनात डॉक्टरांवर हसले.

दिवेलागण झाली. मी आत भात लावत होते. त्या नेहमीसारख्या देवापुढं जाऊन बसल्या, समई पुढं ओढली, वात घातली, तेल घातलं. मग काही आवाज येईना म्हणून मी बाहेर आले. त्या काडेपेटी हातात घेऊन समईकडे बघत होत्या. काडेपेटी उलटी केली, सुलटी केली. मग माझ्याकडे मान वर करून बघितलं. चेहऱ्यावर भीती नव्हती, नुसती अडचण होती.

"बाई," त्या म्हणाल्या, "ह्याचं फुडं काय करत असत्यात?"

त्यांनी मला बाई म्हटलं.

मी त्यांच्याजवळ बसले. त्यांच्या बोटांत काडी धरली, माझ्या हातानं त्यांचा हात धरून ओढली आणि वात पेटवली. त्या ज्योतीकडे बघून खूश झाल्या. मी विचारलं, आता दार उघडायचं ना वन्सं? त्या म्हणाल्या, उगडा की, तुमचंच घर हाय.

मी उठून पुढचं दार उघडलं, मागचं उघडलं. शेड रिकामी आहे, ट्रक अंगणात आहे, तरी जाऊन तिचंही दार उघडलं. शेजारचे माग चालूच होते. रुई आली, समईपर्यंत आली, वन्संच्या केसांवर बसली. मी ती झटकली नाही. त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि त्यांना एकेक नाव सांगायला सुरुवात केली. आधी त्यांचं, मग धोंडीरामचं, मग माझं.